अंगठ्याखालचं अक्षर

आमच्या रानातल्या एका तुकड्याला ‘बयाची ताल’ म्हणतात. येरळा नदीकडं उतरत जाणारं मुरमाड रान, त्याला आडवी दगडांची रचलेली ताल आणि तालीच्या पोटात वर्षानुवर्षं साचलेली माती. सगळं मिळून तीसेक गुंठे. सातबाऱ्यावर त्याला गट नंबर आहे, एकत्रीकरण होण्याआधी सर्व्हे नंबर होता. पण गावात नंबर कुणी घेत नाही. “कुठं निघालास?” “बयाच्या तालीत, शाळू काढायला.” एवढं पुरतं.

बया म्हणजे माझी पणजी, आजोबांची आई. आमच्याकडं जुन्या पिढीत आईलाच बया म्हणायचे. आजोबा म्हणायचे म्हणून भावकी म्हणायला लागली, भावकी म्हणते म्हणून गाव. त्यात तिचं खरं नाव कुठं गेलं, हे मी पन्नाशीला येईपर्यंत कुणाला विचारलंच नव्हतं.

२०२२ च्या पावसाळ्यात वडील गेले. वारस नोंदीसाठी कागद जमवायचे म्हणून दादानं माडीवरची आजोबांची ट्रंक खाली आणली. वर हिरवा रंग उडालेला, आत नॅप्थलिनचा आणि जुन्या कागदाचा वास. सोसायटीच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, आजोबांचा चौथीचा दाखला, पंढरीहून आणलेल्या बुक्क्याची पुडी, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेले मोडीतले पाच-सहा कागद. दादाला हवं होतं ते वरच मिळालं. फडकं मी माझ्या पिशवीत घातलं.

वाडवडिलांचा माग काढायचा तर आमच्या भागात पहिला प्रश्न असतो, तेव्हा राज्य कुणाचं होतं? तासगाव तालुका इंग्रजी मुलखात, जिल्हा सातारा. सांगली-मिरज पटवर्धनांची. आटपाडी औंध संस्थानात, जत डफळ्यांकडं. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. त्यामुळं माझे आजोबा एकाच घरात, एकाच आढ्याखाली राहून तीन जिल्ह्यांचे रहिवासी झाले. जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ वाचून चुकीचा कागद आला असं समजणारी माणसं मी रांगेत उभी असताना पाहिली आहेत.

मी अर्ज केला तो जुन्या फेरफारांच्या नकलांसाठी. आजोबांच्या नावापासून मागं मागं जायचं. प्रत्येक फेरफारावर आधीच्या नोंदीचा धागा असतो, तो धरला की पायरी पायरीनं खाली उतरता येतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, पुढं १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घेतला गेला. म्हणून आमच्यासारख्या घरांची कागदावरची वाट साधारण तिथंच सुरू होते. त्याच्या आधीचं पाहिजे असेल तर मोडी दप्तरं चाळावी लागतात.

एका कार्यालयात मला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्यांदा “एवढं जुनं नसतं”, दुसऱ्यांदा “गठ्ठा वर आहे, माणूस नाही.” तिसऱ्या खेपेला एका तरुण शिपायानं स्वतःहून शिडी लावली, नाकाला रुमाल बांधला आणि लाल फडक्यातला गठ्ठा माझ्यासमोर आणून ठेवला. “माझ्या पण पणज्याचं बघायचंय कधीतरी,” म्हणाला. त्या मुलाचं मी कायमचं देणं लागते.

नोंद १९१९ ची होती. मजकूर तीन ओळींचा. खातेदार मयत, वारस मुलगा, अज्ञान, वय वर्षे ४, अ.पा.क. आई. खाली सर्कलची तांबड्या शाईतली ‘मंजूर’. संपलं.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. जमिनीचे कागद वाचणाऱ्यांना हा शब्द रोजचा आहे. माझ्या चार वर्षांच्या आजोबांचं नाव त्यात पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. जिनं ती जमीन पुढची पंधरा वर्षं हातानं राखली तिच्यासाठी एवढंच, ‘आई’. मी पान उलटून पाहिलं, समासात पाहिलं, पुढचे दोन फेरफार पाहिले. नाही.

कायद्याच्या नजरेनं त्यात चूक काही नव्हती. जमीन मुलाची. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क देणारा कायदा १९३७ चा, तोही हयातीपुरत्या हक्काचा. पूर्ण मालकी मिळायला १९५६ उजाडावं लागलं. बया १९५२ च्या दुष्काळात गेली. म्हणजे जी ताल तिच्या नावानं ओळखली जाते ती एक दिवसही तिच्या नावावर नव्हती.

पणजोबा कशानं गेले हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मानमोडीनं. १९१८ च्या त्या साथीला आपल्याकडं मानमोडी म्हणत, जगभर तिला इन्फ्लुएन्झा म्हणतात. आमच्या भागात त्या वर्षी पाऊसही गेला होता. घरात दाणा नाही आणि माणसं तापानं फणफणलेली. देशभरात सव्वा कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं की जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, मला ते पान मिळालं. आधीच्या पानांवर महिन्याला दोन-तीन ओळी, अक्षर सावकाश, मोकळं. ऑक्टोबर १९१८ ला येता येता ओळी दाटत जातात. अक्षर लहान होतं. मग लिहिणाऱ्याला पान पुरत नाही आणि तो समासात आडवं लिहू लागतो. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ताप. पणजोबा त्यात होते. वय २७. ताप.

त्यांच्या खाली, दोन दिवसांनी, त्यांच्याच नावानं आणखी एक ओळ होती. ‘मुलगी, वय २, ताप.’

हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आजोबांनी आपल्याला बहीण होती असं कधी सांगितलं नाही. चार वर्षांच्या पोराच्या ध्यानात ती राहिली नसेल, आणि बयानं ती कुणाजवळ काढली नसेल. मी ती ओळ तीनदा वाचली. मग वही तशीच उघडी ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मुलीलाही नाव नव्हतं. जन्माच्या नोंदीत बहुतेक बाळांना नाव नसायचं, कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची. पण ही दोन वर्षं घरात नांदली होती, तिला कुणीतरी हाक मारत असणार.

हेळव्यांकडूनही बघितलं. आमच्याकडं दोन-तीन वर्षांतून सुगी झाली की हेळवी येतो. ओसरीवर घोंगडं पसरून बसतो आणि कानडी हेलात आमच्या कुळाची वंशावळ म्हणून दाखवतो. पूर्वी ही माणसं नंदीवर बसून यायची, आता आमचा हेळवी मोटारसायकलवर येतो, पण पोथी तशीच कापडात गुंडाळलेली असते. मूळ गाव कोणतं, तिथून कोण उठून कुठं गेला, कुणाला किती मुलगे. नऊ पिढ्यांची नावं तो न अडखळता म्हणतो. लहानपणापासून मला तो ऐकताना अंगावर काटा येतो. या वेळी दादाला सांगून मी मुद्दाम गावी गेले आणि पणजोबांच्या नावाशी त्याला मधेच थांबवलं. म्हटलं, “मामा, यांच्या मंडळींचं नाव?” त्यानं पोथीत बघितलं, पान पुढं केलं, मागं केलं. आमच्या घराच्या पानात बायकांची नावं नव्हती. त्यालाच वाईट वाटलं. जाताना म्हणाला, “ताई, नाव मिळालं तर सांगा, लिवून घेतो.”

राहता राहिलं ते धोतराचं फडकं.

मोडी मला येत नाही. सांगलीत एक निवृत्त शिक्षक मोडी वाचून देतात असं कळलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांच्या दारात माणसं बसलेली असतात, तशी त्यांच्याही दारात होती. कुणी वही घेऊन, कुणी मोबाइलमध्ये फोटो घेऊन. माझी पाळी आली तेव्हा दुपार कलली होती. गुरुजींनी कागद उजेडाकडं धरला. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि मग तिला खालून अक्षरं लटकवत न्यायची, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, हात उचलायचा नाही. त्यामुळं वाचणाऱ्याला आधी ओळीचा दम कळावा लागतो, असं ते म्हणाले. दोन कागद शेतसाऱ्याचे निघाले, एक विहिरीच्या पाळीचा. चौथा हाताशी आला आणि ते ताठ बसले.

“हा रोखा आहे. कर्जरोखा. बाईनं लिहून दिलेला.”

साल १९१९. रुपये ६०. बी आणि बैलासाठी. ‘आम्ही अज्ञान मुलाची पालनकर्ती आई या नात्याने’, आणि पुढं व्याजाचा दर. कागदाचा वरचा भाग फाडलेला होता. गुरुजींनी समजावलं की पैसे फिटले म्हणजे सावकार रोखा फाडून किंवा त्यावर फेड लिहून ऋणकोला परत देई. म्हणूनच तो आमच्या ट्रंकेत आला. मागच्या बाजूला १९२६ ची फेड होती. फडक्यातले उरलेले चिठोरे म्हणजे मधल्या सात वर्षांतल्या भरण्याच्या पावत्या. कधी पाच रुपये, कधी तीन, एका वर्षी काहीच नाही. सातारा जिल्हा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी केलेल्या १८७९ च्या कायद्यात पहिल्यापासून होता, पुणे, नगर आणि सोलापूरसोबत. सावकारानं कुळाला पावती आणि हिशेब द्यायचा हे बंधन त्या कायद्यानं घातलं. पण कायदा असून काय, पावती मागून घेणारं आणि सांभाळणारं माणूस लागतं. वाचता न येणाऱ्या बाईनं एकूण एक चिठोरं सांभाळलं होतं.

रोख्याच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात तिचा अंगठा होता.

मी तो आजही डोळे मिटून बघू शकते. काळी शाई तपकिरी झालेली. ठसा थोडा तिरका, वर दाबून बसलेला, खाली फिका. रेषा अगदी स्पष्ट, तळ्यात खडा टाकावा तशी वलयं. आणि त्या वलयांना मधोमध कापत गेलेली एक पांढरी, शाई न लागलेली रेघ. कसली तरी जुनी जखम. खाली ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’, आणि शेजारी लिहिणाऱ्यानं तिचं नाव लिहिलं होतं.

पण अंगठा नावावर पडला होता. पहिलं अक्षर ठशाखाली गेलं होतं.

गुरुजींनी भिंग घेतलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. “ळ दिसतोय. मग सा. …ळसा.” त्यांनी भिंग ठेवलं. “तुमचं कुलदैवत?”

“पालीचा खंडोबा.”

“मग म्हाळसा. दुसरं काय असणार.”

मलाही पटलं. पौषात पालीला खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं, आमच्या घरातून कुणी ना कुणी जातंच. खंडोबाच्या घरात सून आली आणि तिचं नाव म्हाळसा ठेवलं, यात नवल काय? लग्नात मुलीचं नाव बदलायचेच. मी घरी येऊन वहीत लिहिलं, म्हाळसाबाई. दादाला फोन केला. त्यानं हेळव्याला कळवतो म्हणून सांगितलं. काही महिने मी मनात तिला म्हाळसा म्हणत होते. तरी काहीतरी अडत होतं. म्हणायला गेलं की जीभ ओळखीची होत नव्हती.

गेल्या मार्गशीर्षात आत्याकडं गेले. आत्या पंचाऐंशीची आहे. ऐकू कमी येतं, दिसतं बऱ्यापैकी. बयाला पाहिलेलं आता तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. बया गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. रोख्याची झेरॉक्स नेऊन भागणार नव्हतं, झेरॉक्समध्ये ठसा म्हणजे नुसता काळा डाग आला होता आणि ती पांढरी रेघ नाहीशी झाली होती. म्हणून मूळ कागदच प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून नेला.

अंगणात ऊन होतं. बाजेवर बसून आत्यानं कागद मांडीवर घेतला. तिला वाचता येतं, पण बाळबोध. मोडीवरून तिची नजर घसरत खाली आली आणि ठशावर थांबली.

“हा बयाचा अंगठा?”

“हो.”

तिनं बोट त्या पांढऱ्या रेघेवर ठेवलं. “इळा लागला हुता तिला. कडवळ कापताना. लगीन व्हायच्या आधीचं, म्हायेरात. आटपाडीकडली ती.” मग जरा थांबून, “डोस्क्याला त्याल घालायची न्हवं आमच्या, तवा ह्यो अंगठा टाळूवर फिरायचा. खरखरीत लागायचा. आम्ही म्हणायचो, बया, दुसऱ्या हातानं घाल.”

माझ्या हातात शंभर वर्षांपूर्वीचा कागद होता आणि समोर त्या अंगठ्याखाली डोकं दिलेलं माणूस बसलं होतं. मला काही वेळ बोलताच आलं नाही. पिशवीतला पुठ्ठा उगाच सरळ करत राहिले.

त्या दोन वर्षांच्या मुलीचंही मी आत्याला सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. “म्हणून,” एवढंच म्हणाली. बऱ्याच वेळानं कळलं ते असं, की घरात कुणा लेकराला साधा ताप आला तरी बया रात्रभर बसून राहायची, दिवा विझवू द्यायची नाही, आणि घरातले तिला रागवायचे.

मग मी नावाचं विचारलं. तिला आठवेना. “बयाच. दुसरं काय म्हणणार आम्ही?” मी सांगितलं, म्हाळसा असावं. तिनं मान हलवली. नाही म्हणून नाही, पटत नाही म्हणून.

“आईला कसं चाललं असतं मग?” आत्या म्हणाली.

आई म्हणजे माझी आजी, बयाची सून. आजीचा गळा चांगला होता. घरात जागरण असलं की वाघ्या-मुरळीच्या बरोबरीनं ती म्हणायची, म्हाळसा-बाणाईची भांडणं तर तिची खास. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ती ऐकली आहेत. म्हाळसाचं नाव तिच्या तोंडी सतत. आणि ही आजी अशी, की नवऱ्याचं नाव उखाण्यातही एकदाच घेतलं म्हणायची. सासू-सासऱ्यांच्या नावाचा शब्दसुद्धा तिच्या पिढीतल्या सुना तोंडातून काढत नसत. सासरा गोविंद असला तर सून गोवऱ्यांनाही दुसरं काही म्हणे.

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो. मला वाटतं आम्हाला ते एकदमच आठवलं.

आजी माळकरी होती. आषाढीला चुकली नाही कधी. पहाटे अंघोळ झाली की ओल्या लुगड्यानं वृंदावनापाशी जायची, तांब्याभर पाणी घालायची, खाली वाकून माती कपाळाला लावायची. पण मला म्हणायची, “दारातल्या झाडाला पाणी घातलंस का गं?” खोकला झाला की, “दारातल्या झाडाची चार पानं आण.” कार्तिकात लग्न लागायचं तेही दारातल्या झाडाचं. गळ्यातली माळ म्हणजे नुसती माळ. मला वाटायचं, आजीची बोलायची तऱ्हाच तशी. एकदा शाळेत बाईंनी अंगणातल्या झाडांची नावं विचारली तेव्हा मी ‘दारातलं झाड’ असं सांगितलं होतं.

“आईनं कधी म्हणलं न्हाई,” आत्या हळू बोलली. “मी इचारलं हुतं ल्हानपणी. नुसती हसली. माझ्या लग्नात रुखवताला वृंदावन केलं हुतं, तवा बी म्हणली न्हाई.”

तुळसा.

मी कागद पुन्हा उन्हात धरला. ठशाखालचं अक्षर काही वर आलं नाही, येणारही नव्हतं. पण पुराव्याची गरज मला तरी उरली नव्हती. एका सुनेनं सासूचं नाव पन्नास वर्षं तोंडातून काढलं नाही, आणि न काढूनच ते माझ्यापर्यंत पोचवलं.

जेवणं झाल्यावर आत्यानं विचारलं, “आता उताऱ्यावर कुणाकुणाची नावं लागली?” मी सांगितलं, आईचं, दादाचं आणि माझं. दादानं हक्कसोडीचा विषय काढला नाही, त्याचं हे मोठेपण. आत्या बरं म्हणाली. आजोबांच्या मागं १९८९ ला जो वारस फेरफार झाला त्यात तिचं नाव आहे, धाकट्या आत्याचंही आहे. त्याच्या पुढच्याच फेरफारात दोन्ही नावं हक्कसोडपत्रानं कमी झाली आहेत. साडी-चोळी घेऊन, राजीखुशीनं. मी ते दोन्ही कागद पाहिले आहेत. आत्याची सही सुरेख आहे, गोल, जपून काढलेली. तिच्यासमोर बसून मला ती सही आठवत होती, आणि तिनं मला ज्या मोकळ्या तोंडानं बरं म्हटलं त्यानं मला जास्त लागलं. वडिलांशी मी हे कधी बोलले नाही, आता बोलता येणार नाही.

निघताना तिनं झेरॉक्स मागून घेतली. म्हणाली, “मागं मोठ्या अक्षरात लिव. नातीला दावते.” मी पेन काढला. बाई तुळसा, एवढं लिहिलं. पुढं काय लिहावं सुचेना. नवऱ्याचं नाव लिहिलं असतं, गाव लिहिलं असतं. आत्यानं कागद माझ्या हातातून घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाचायला लागली.

“तुळसा,” तिनं म्हटलं. मग वृंदावनाकडं बघून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.